आई जिवंत असलेली पुस्तकं

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये बंद पडली, तेव्हा मी पुस्तकांच्या खोक्यावर बसून एका कादंबरीचं शेवटचं पान वाचत होते. त्यातला कुत्रा जगतो का, एवढंच मला बघायचं होतं.

ही माझी सवय नाही, नोकरी आहे. तिसऱ्या मजल्यावर आमचं मुलांच्या पुस्तकांचं दुकान आहे आणि तिथं काय ठेवायचं ते मी निवडते. लहानांच्या गोष्टी, मोठ्या मुलांच्या कादंबऱ्या आणि शहाणपणाची पुस्तकं. म्हणजे अंगात बदल व्हायला लागले तर घाबरू नये, मैत्रिणीनं बोलणं टाकलं तर काय करावं, असली. आईबाप येऊन किंमत विचारतात, नाहीतर अक्षर मोठं आहे का विचारतात. मुलं मात्र हळूच जवळ येऊन एकच विचारतात, कुत्रा मरतो का? त्यांना खोटं सांगितलं तर ती परत दुकानात पाऊल टाकत नाहीत. म्हणून मी प्रत्येक पुस्तक शेवटाकडून सुरू करते.

वरून आवाज आला. आत कोणी आहे का?

मी म्हटलं, नाही, लिफ्टच एकटी बसलीय रुसून.

वर कोणीतरी हसलं. मग खाडखूड झाली, दार जेमतेम हातभर सरकलं आणि माझ्या डोक्याच्या वर आधी दोन बूट दिसले, मग त्या बुटांचा मालक पालथा पडून आत डोकावला. घामानं कपाळाला चिकटलेले केस, गालावर ग्रीसचा फराटा. त्यानं हात पुढे केला, तो काळाकुट्ट आहे हे बघून मागे घेतला, खिशातल्या फडक्याला खसाखसा पुसला आणि पुन्हा पुढे केला. माणूस खड्ड्यात अडकलेला असताना हात पुसत बसणारा प्राणी मी पहिल्यांदाच बघत होते. मी म्हटलं, आधी खोकं. तो म्हणाला, बाई, जीव महत्त्वाचा. मी म्हटलं, माझा की तुमचा? कारण ही पुस्तकं खराब झाली तर आमचे मालक तुम्हाला सोडणार नाहीत.

खोकं वर गेलं, मग मी गेले. त्याच्या हाताची पकड अशी होती की खांदा निखळेल, आणि तरी... सोडताना त्यानं हळूच सोडला. मी उगाचच साडीची निरी सारखी करत राहिले.

तो खोकं उचलून दुकानापर्यंत आला आणि दारातच घुटमळला. मुलांसाठी तुम्ही पुस्तकं निवडता का, म्हणाला. मग मला एक निवडून द्या. भाचीसाठी. ठकी म्हणतो आम्ही तिला, तेरा वर्षांची आहे, फडशा पाडते पुस्तकांचा.

मी विचारलं, कशातलं आवडतं तिला? साहस, भुतं, हसवणारं?

"काहीही चालेल," तो म्हणाला. "फक्त त्यात आई मरायला नको."

हे तो हसत म्हणाला होता. मग ते हसू त्याच्या तोंडावर तसंच राहिलं आणि त्याचं काय करावं हे त्याला कळेना. मी स्टूल पुढे केलं. दुकानात मोठ्या माणसांसाठी खुर्चीच नाही, मुलांचं बुटकं स्टूल तेवढं आहे. तो त्यावर बसला, गुडघे कानाशी आले, आणि त्यानं खाली बघत सगळं सांगितलं. बहीण अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकलेले. भाचीचे वडील ती रांगत होती तेव्हाच दुसरीकडे संसार थाटून मोकळे झालेले, त्यामुळे घरात हा, बहीण आणि भाची. पोरीला सांगितलंय की आईला अशक्तपणा आहे, औषधांनी जाईल. बहिणीनं त्याच्याकडून शब्द घेतला होता. मी आहे तोवर माझ्या पोरीनं माझ्याकडे बघून रडायचं नाही, असं ती म्हणाली होती.

आता तुम्हाला आमच्या धंद्यातली अडचण सांगते. मुलांच्या गोष्टीत आई टिकत नाही. पहिल्या दहा पानांत तिला ताप येतो, किंवा ती गोष्टीच्या आधीच गेलेली असते. लेखकांचाही नाइलाज असतो. आई असली की ती म्हणणार स्वेटर घाल, अंधार पडायच्या आत घरी ये. मग कसलं आलंय साहस आणि कसला खजिना? मी हे त्याला समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे आयांची काही खैर नाही." आणि त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून हसला. मी कपाटं पालथी घातली. शेवटी एक सापडलं, एका मुलीची आई बेटावर दीपगृह सांभाळते आणि शेवटच्या पानावर मुलीला जोरात हाका मारत असते. धडधाकट बाई. मी म्हटलं, घ्या.

तो परत आला. मग येतच राहिला.

दुपारी, दोन दुरुस्त्यांच्या मध्ये. आमच्या इमारतीतल्या लिफ्टची प्रकृती इतकी जपली जात होती की मालकांनी मला विचारलं, ह्या लिफ्टला हल्ली रोज डॉक्टर का लागतो? मी म्हटलं, वय झालंय तिचं. ते म्हणाले, कोणाचं? आणि चष्म्यावरून बघत राहिले.

मी त्याला मनात 'लिफ्टवाला' म्हणायची आणि मग तोंडावरही म्हणायला लागले. त्याला चालायचं. पुस्तकांना डाग पडू नयेत म्हणून तो बोटांची टोकं लावायचा नाही. पान बोटाच्या पेरानं उलटायचा आणि पुस्तक दोन मनगटांत धरायचा. मला वाचून दाखवायला लावायचा. मी वाचायला लागले की पुस्तकाकडे बघायचा नाही, माझ्याकडे बघायचा, आणि मी वर बघितलं की घाईघाईनं छताकडे.

"काय बघताय वर?"

"पंखा. आवाज करतोय."

"पंखा बंद आहे."

"म्हणूनच म्हटलं..."

एकदा पाऊस भुरभुरत होता, दुकानात चिटपाखरू नव्हतं. तो निघताना दारात थांबला. म्हणाला, तुम्ही प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचता ना? मग... आपल्या गोष्टीचं वाचलंत का?

मी पावतीपुस्तक उघडलं आणि उगाच मिटलं. म्हटलं, अजून छापलेलं नाही. तो जिना उतरून गेला, आणि मी वेड्यासारखी एकटीच हसत उभी.

पण खरं सांगायचं तर ह्या सगळ्याच्या खाली दुसरं काहीतरी चाललेलं होतं. दर वेळी तो येई तेव्हा त्याच्या डोळ्यांखाली थोडं आणखी काळं झालेलं असे. बहीण आता उठून बसत नाही. बहीण आता जेवत नाही. आणि पोरीला अजूनही अशक्तपणाच सांगत होते. एकदा मी न राहवून म्हटलं, तिला सांगा हो. तिला आईशी काही बोलायचं असेल. तो एकदम मिटला. शब्द दिलाय, एवढंच म्हणाला. मी आणखी पुस्तकं शोधली. आई नाविक, आई सर्कशीत, आई अशी तंदुरुस्त की तिला कधी शिंकसुद्धा येऊ नये. डोळ्यांत तेल घालून शोधली. मला वाटायचं, आपण त्या पोरीचं रक्षण करतोय.

मग ती पोर स्वतःच आली.

शाळा सुटल्यावर, एकटी. मामाचंच कपाळ, मामाचंच घुटमळणं. दप्तर उघडून तिनं सगळी पुस्तकं काउंटरवर एकावर एक रचली. मी दिलेली. विचारलं, ही तुम्ही निवडता ना?

मी हो म्हटलं. आवडली नाहीत का?

"आवडली. पण एकातही कोणी आजारी पडत नाही."

मी वरचं पुस्तक उचलून उलटंसुलटं करून बघितलं.

"साधी सर्दीसुद्धा नाही," ती म्हणाली. "शाळेच्या लायब्ररीत मी बघितलं. तिथं अर्ध्या पुस्तकांत आई नसते. मामा आणतो त्या प्रत्येक पुस्तकात आई असते. ठणठणीत. मामाला पुस्तकांतलं ओ की ठो कळत नाही, म्हणजे त्यानं तुम्हाला सांगून ठेवलं असणार. म्हणजे आई जाणार आहे."

मी कितीतरी वर्षं मुलांना पुस्तकं देते आहे. मुलं काय काय वाचतात हे मला माहीत असायला हवं होतं. मी इतकं निवडून, इतकं चाळून दिलं होतं की जे वगळलं तेच तिला स्पष्ट दिसलं. खोटं बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना, आणि तिला तेवढं पुरलं. ती रडली नाही. पुस्तकांच्या कडा बोटांनी सारख्या करत राहिली.

तिला गोष्टीचं पुस्तक नको होतं. शहाणपणाचं हवं होतं. आई जाणार असेल तर तिच्याशी काय बोलायचं, हे सांगणारं.

आमच्याकडे तसली तीन होती. पालकांना ती समोर दिसलेली आवडत नाहीत म्हणून मी वरच्या फळीवर ठेवली होती. खाली काढली. एकेक उघडलं. आई गेल्यावर झोप येत नसेल तर. आई गेल्यावर शाळेत कोणी विचारलं तर. आई गेल्यावर तिच्या वस्तूंचं काय करायचं. तिन्ही पुस्तकं गेल्यानंतरची. जायच्या आधी काय करायचं, यावर कोणी एक ओळ लिहिलेली नव्हती, आणि इतक्या वर्षांत ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

"आधीचं काहीच नाही का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही गं. आईलाच विचार ना.

तिनं मान हलवली. म्हणाली, विचारलं तर आईला कळेल की मला कळलंय. मग ती रडेल. मामा तर आत्ताच रडतो, बाथरूममध्ये नळ सोडून, बादली भरून वाहायला लागली तरी बाहेर येत नाही. घरात मला कोणी ओरडतसुद्धा नाही हो. मी मुद्दाम गणितात नापास झाले. आई म्हणाली, असू दे राणी. अशी कधी म्हणायची नाही ती.

जाताना तिनं माझ्याकडून वचन घेतलं, मामाला सांगायचं नाही. मी वचन दिलं. दुसरं काय करणार होते? ती पुस्तकं परत दप्तरात भरून गेली आणि मी त्या बुटक्या स्टुलावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करायच्या वेळेला लिफ्टवाला आला. त्या दिवशी तो वेगळाच दिसत होता. हात घासून घासून धुतलेले, नखंसुद्धा. इस्त्रीचा शर्ट. फळीवरचं एक पुस्तक त्यानं पहिल्यांदाच बोटांनी उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं, जसं काही हात दाखवायलाच आला होता.

"मला तुला काही सांगायचंय," तो म्हणाला. तुला, म्हणाला.

काय सांगणार हे मला कळत होतं. किती दिवस मी त्याचीच वाट बघत होते... आणि मला हेही कळत होतं की आत्ता ते ऐकून घेतलं आणि माझ्याजवळचं दाबून ठेवलं, तर आमचा पहिलाच दिवस खोटा होईल. शिवाय त्याच्या बहिणीकडे किती दिवस उरले होते कोणास ठाऊक. त्या मायलेकी एका खोलीत राहून एकमेकींशी गोड गोड बोलत होत्या आणि दोघींना सगळं माहीत होतं.

"थांब," मी म्हटलं. "आधी माझं ऐक. तिला माहीत आहे."

त्याला आधी समजेना. मग समजलं. म्हणाला, तू सांगितलंस.

मी म्हटलं, मी नाही. पुस्तकांनी सांगितलं, तू मागितली आणि मी निवडली, आपण दोघांनी मिळून तिला सांगितलं. मग मी त्याला सर्दीचं सांगितलं, गणिताचं सांगितलं, नळाचंही सांगितलं. नळाचं ऐकल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुझं काय जातंय?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "तू शेवटचं पान वाचतेस आणि पुस्तक परत फळीवर ठेवतेस. मला त्या घरात राहायचंय."

आणि गेला. लिफ्टनं गेला नाही, जिन्यानं गेला. त्याच्या बुटांचा आवाज तळमजल्यापर्यंत ऐकत मी उभी होते.

नंतरचे दिवस कसे गेले विचारू नका. जिन्यात पाऊल वाजलं की मी हातातलं टाकून दाराशी जायची. पोरीला दिलेला शब्द मोडला, त्याचा विश्वास घालवला, आणि इतकं करून त्या घरात काय झालं ते मला कळायलाही मार्ग नव्हता. मी खोक्यांच्या खोलीत जाऊन रडायची. मालकांनी एकदा बघितलं आणि बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला म्हणाले की बाई स्टॉक मोजतायत. मग लिफ्ट खरंच बंद पडली आणि कंपनीनं दुसराच माणूस पाठवला. वयस्कर, तोंडात सुपारी. मी त्याला विचारलं, तुमचे ते नेहमीचे कुठंयत?

"रजेवर आहे," तो म्हणाला. "परवा त्याची बहीण गेली."

मी त्याच्याकडून पत्ता घेतला. कोणत्या तोंडानं जायचं, हा विचार रस्ताभर केला आणि पाय मात्र चालतच राहिले.

दार पोरीनं उघडलं. केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले. मला बघून ती बाजूला झाली नाही.

"तुम्ही शब्द मोडलात," ती म्हणाली.

"हो."

"मी तुमच्यावर रागावलेय. अजून बरेच दिवस रागावणार आहे."

मी म्हटलं, रागाव. मी काही बोलणार नाही. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, मामा आत आहे, सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही त्यानं. मग बाजूला झाली.

तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. दाढी वाढलेली. मला बघून त्याला नवल वाटलं नाही, जणू मी कुठूनतरी आत्ता येणारच होते. मी काही विचारायच्या आधीच तो हळूहळू सांगायला लागला. त्या संध्याकाळी घरी गेला आणि बहिणीला म्हणाला, ताई, तिला माहीत आहे. बहिणीनं हातातला कप त्याच्यावर फेकला. फेकायला ताकद कुठली, तो पांघरुणावरच सांडला. मग म्हणाली, बोलाव तिला, आणि तू बाहेर हो.

"दोघी खूप रडल्या," तो म्हणाला. "मला वाटलं, मीच ताईला वेळेआधी मारतोय. दुसऱ्या दिवशी परत रडल्या. आणि मग तिसऱ्या दिवशी... भांडल्या. गणितावरून. ताईला धाप लागत होती आणि ती ओरडत होती, लाज नाही वाटत नापास व्हायला, मी काय कायम उशाशी बसणार आहे का तुझ्या? आणि ही उलट बोलत होती. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. इतक्या महिन्यांत ह्या घरात कोणी खऱ्या आवाजात बोललं नव्हतं."

तो थांबला. नळ टपकत होता, त्यानं तो घट्ट केला.

"ताई गेली तेव्हा मी नव्हतो. औषध आणायला गेलो होतो. ठकी होती. तिनं ताईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मला म्हणाली, मामा, घाई करू नकोस, झालं. त्या दिवशी दुकानात तू मला ते सांगितलं नसतंस तर ती त्या वेळी बाहेरच्या खोलीत तुझं पुस्तक वाचत बसली असती."

मग त्याला रडू आलं. ह्या वेळी नळ सोडला नाही. मी जवळ गेले आणि त्याचा हात हातात घेतला. त्याच्या बोटांना अजून औषधांचा वास येत होता.

"त्या दिवशी मी जे बोललो..."

"जाऊ दे."

"आणि जे बोलायचं राहिलं..." त्यानं माझ्याकडे बघितलं, छताकडे नाही. "आज हे बोलायचा दिवस नाही. पण आता ह्या घरात काही दाबून ठेवायचं नाही असं ठरलंय. तू मला हवी आहेस. मला एकट्याला हे जमणार नाही, आणि जमलं असतं तरी तू हवी आहेस."

मी म्हटलं, मलाही तू हवा आहेस. केव्हापासून ते विचारू नकोस. त्यानं विचारलं नाही. माझ्या खांद्यावर कपाळ टेकून तो तसाच उभा राहिला, आणि त्या भयाण शांत घरात मला एकाच वेळी इतकं वाईट आणि इतकं बरं वाटत होतं की मला माझीच लाज वाटली.

दारातून आवाज आला. "झालं का तुमचं?"

आम्ही दचकून बाजूला झालो. ठकी हातात ताटं घेऊन उभी होती. शेजारणीनं आणून दिलेलं जेवण तिनं गरम करायला ठेवलं होतं. मामाला म्हणाली, जेवायला बस, यांनाही बसव, रागावलेय म्हणून काय उपाशी ठेवू का?

टेबल लहान होतं. भिंतीला लावलेलं, तीनच खुर्च्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर एक पातळ उशी होती, पाठीला टेकायला ठेवलेली. मला कळलं ती कोणाची, आणि मी भिंतीला टेकून उभीच राहिले. लिफ्टवालाही उभाच राहिला. त्या खुर्चीकडे बघवत नव्हतं आणि तिला रिकामी ठेवून जेवणं त्याहून अवघड होतं.

ठकीनं आमच्या दोघांकडे बघितलं. उशी उचलली, पोटाशी धरली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत स्वतः बसली.

"आईच्या जागी मी बसते," ती म्हणाली. आवाज फाटला तरी तिनं वाक्य पुरं केलं. "मामा, तू माझ्या खुर्चीत ये. तुम्ही मामाच्या खुर्चीत बसा."

तो सरकला. मी बसले. तिनं आम्हाला वाढलं.